तक्त्यातली चौथी ओळ

तक्ते भिंतीवर लावायचे असतात. डॉ. वामनराव केळशीकरांचा तक्ता मात्र ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या डॉक्टरांनी डोक्यावर घेतला होता. हृदयाचे ठोके अचानक बिघडलेला रोगी दारात आला तर आधी काय करायचं, मग काय, कुठलं इंजेक्शन किती द्यायचं, हे त्यात मोजक्या ओळींत, मोठ्या ठशात आणि मराठीत छापलेलं होतं. मराठीत अशासाठी, की रोग्याचा जीव जायला लागतो तेव्हा डॉक्टर जिन्यात असतो आणि कॉटपाशी सिस्टर असते, असं केळशीकर सरांचं म्हणणं. म्हणणं खरंही होतं. ज्या काळात ठाण्यात कार्डिओग्राम काढायचा म्हणजे रोग्याला दादरला न्यावं लागे, त्या काळात हा माणूस मशीन स्कूटरच्या पुढ्यात ठेवून डोंबिवलीपर्यंत जात असे. त्यामुळे त्यांनी लिहिलेलं कोणी तपासून बघावं, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

एक्क्याण्णव साली सरांना पंचाहत्तरावं लागलं आणि डॉक्टरांच्या असोसिएशनने सत्काराचा घाट घातला. शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि त्याच दिवशी तक्त्याच्या नव्या आवृत्तीचं प्रकाशन. हल्ली परदेशात असं काही छापण्याआधी समिती नेमून तपासतात, असं सेक्रेटरी डॉ. सुधीर दामले यांच्या वाचनात आलं होतं. त्यांनीही समिती नेमली. आपल्याकडे समिती नेमतात ती बहुधा ठरलेल्या गोष्टीवर शिक्का मारायलाच. पण समितीत एखादी बाई हवी म्हणून त्यांनी डॉ. सुमती नाखवा यांचं नाव घातलं, आणि तिथेच घोटाळा झाला, कारण सुमतीने काम खरोखरच करायला घेतलं.

सुमती चेंदणी कोळीवाड्यातली. तिचा बाप भिवाजी नाखवा ठाण्याच्या खाडीत होडी घालून पोट भरणारा. कारखान्यांचं पाणी खाडीत यायला लागलं आणि निवट्यांसारखी चिखलातली मासळीसुद्धा दिसेनाशी झाली, तरी भिवाजी आणि त्याचा जोडीदार नामा होडी बाहेर काढतच राहिले. मिळालं तर मिळालं. नामा भिवाजीचा भाऊ नव्हता, पण होडी दोघांत एक होती आणि सुमतीला पाठीवर घेऊन शाळेत सोडणारा नामाकाकाच होता. म्हातारपणी दोघांनी दुखणंही वाटून घेतल्यासारखं घेतलं. आधी नामाला हृदयाचा झटका आला, दोन वर्षांनी भिवाजीला. भिवाजीच्या वेळी केळशीकर सर अख्खी दुपार त्याच्या कॉटशेजारी स्टूल टाकून बसले होते, जेवायलासुद्धा उठले नव्हते. सुमती ते विसरली नव्हती. विसरली असती तर पुढचं कदाचित घडलंच नसतं.

तपासायचं म्हणजे काय तपासायचं, ते तिने आधी स्वतःशी ठरवलं. ही ओळ कशाच्या आधारावर लिहिली? कुणा एकाच्या अनुभवावर, की पुष्कळ रोग्यांवर पडताळून? कुठल्या रोग्याला हे लागू पडतं आणि कुठल्या नाही, ते सांगितलंय का? उपायाने अपाय कधी होतो, ते लिहिलंय का? नवी माहिती आली तर हे पुन्हा कोण बघणार, आणि कधी? मुंबईतल्या आपल्या जुन्या कॉलेजच्या लायब्ररीत बसून तिने मासिकं चाळली आणि तक्त्याची एकेक ओळ या प्रश्नांपुढे उभी केली. पहिली टिकली, दुसरी टिकली, तिसरीला थोडं खरचटलं. चौथी मात्र टिकेना.

चौथी ओळ अशी होती: नाडी फार जलद आणि नियमित असल्यास व्हेरापामिलचं इंजेक्शन सावकाश शिरेतून द्यावं. बस. एवढंच.

आता जलद नाडी दोन तऱ्हेची असते. एक हृदयाच्या वरच्या कप्प्यातून उठते. तिला हे इंजेक्शन म्हणजे रामबाण, सुई काढेपर्यंत रोगी उठून बसतो. दुसरी उठते खालच्या कप्प्यातून, आणि ती बहुतेक अशांनाच होते ज्यांच्या हृदयावर जुन्या झटक्याचा व्रण असतो. तिला हेच इंजेक्शन दिलं तर रक्तदाब कोसळतो आणि माणूस हातातून जातो. मनगट धरून दोन्ही सारख्याच लागतात. फरक दिसतो तो कार्डिओग्रामच्या पट्टीवर. पहिलीचे ठोके अरुंद दिसतात, दुसरीचे रुंद. आधी पट्टी काढा, ठोके रुंद असतील तर हे इंजेक्शन नको, एवढे शब्द त्या ओळीत हवे होते. सरांनी तक्ता लिहिला तेव्हा ते फारसं कुणाला माहीत नव्हतं, यात सरांचा दोष नव्हता. पण आता मासिकं तेच ठणाणा ओरडून सांगत होती.

तिला धाकू आठवला. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातला फिटर, मागच्या उन्हाळ्यात तिच्या वॉर्डात आणलेला. जुना झटका, छातीत धडधड, वाटेतल्या कुठल्याशा दवाखान्यात इंजेक्शन दिलेलं, आणि इथे पोचला तेव्हा अंग थंडगार. तो गेला तेव्हा सुमतीने त्याच्या बायकोला सांगितलं होतं की हृदयच कमजोर होतं, कुणाचा इलाज नव्हता. लायब्ररीच्या त्या टेबलाशी तिला कळलं की आपण त्या बाईला चुकीचं सांगितलं.

सरांना भेटून सांगावं म्हणून ती नौपाड्यात त्यांच्या घरी गेली. पर्समध्ये मासिकांतल्या लेखांच्या झेरॉक्स होत्या. सर बाल्कनीत बसून भाषण पाठ करत होते.

"ये, ये. समितीचं काम कुठवर आलं?" सरांनी विचारलं. "आणि हे बघ, मुरवत ठेवू नका. कठोरपणे तपासा. तुझे वडील कसे आहेत? होडी सोडली की नाही त्यांनी?"

"नाही सोडली. ऐकतात कुठे?"

"नकोच सोडू दे. माणूस कामावर टिकतो." मग ते जरा लाजून हसले. "भाषणात काय बोलावं समजत नाही बघ. मी म्हटलं, आयुष्यभर पुष्कळ लिहिलं, पण मागे उरेल ती एक ओळ. चौथी. त्या ओळीने किती माणसं घरी चालत गेली याची मोजदाद नाही. तेवढंच बोलतो आणि बसतो."

आतून सरस्वतीबाई, सरांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. सत्काराच्या दिवशी नेसायचा शालू त्यांनी कपाटातून काढून सुमतीला दाखवला. तो त्यांनी लेकाच्या लग्नानंतर नेसलाच नव्हता. "गेले आठ दिवस यांना झोप नाही," त्या हळूच म्हणाल्या. "लहान मुलासारखं झालंय." सुमतीने चहा घेतला, शालूचा काठ छान आहे म्हणाली, आणि झेरॉक्स पर्समध्ये तशाच घेऊन जिना उतरली. भित्रेपणा पुष्कळदा सभ्यपणाच्याच कपड्यांत फिरतो. आपला यातला कुठला, ते तिला त्या जिन्यावर नेमकं सांगता आलं नसतं.

समितीची बैठक रविवारी दुपारी भरली. वडे आले, चहा आला, मग सभासदांनी दहापैकी गुण दिले. दहा, दहा, साडेनऊ. साडेनऊवाल्याने अर्धा गुण का कापला असं विचारल्यावर तो म्हणाला की ठसा जरा अजून मोठा हवा होता. सुमतीने चार दिले आणि चौथ्या ओळीविषयी सगळं सांगितलं. झेरॉक्स टेबलावर ठेवल्या. त्यावर वड्याची बशी ठेवण्यात आली.

हे सगळे काही मूर्ख नव्हते. त्यातल्या दोघांना तरी ती काय म्हणतेय ते लगेच कळलं, आणि त्यांनी नजर खाली घातली. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला निघालेल्या उंदराकडे बाकीचे उंदीर असेच बघत असणार.

"तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, मॅडम," सुधीर दामले म्हणाले. "मी नाही म्हणतच नाही. पण वेळ बघा ना. पत्रिका वाटून झाल्यात. सर त्या ओळीवर बोलणार आहेत. आणि आपण त्यांना स्टेजवर शाल देऊन सांगायचं की सर, तुमची ओळ माणसं मारते? पंचाहत्तरीला?"

"स्टेजवर नका सांगू. छापायच्या आधी सांगा."

"कोण सांगणार? तुम्ही सांगता?"

ती गप्प बसली. सुधीरनी तिच्या गप्प बसण्याला बरोबर पकडलं. "मी काय म्हणतो, सत्कार होऊन जाऊ दे. मग आपण दुरुस्तीची पट्टी छापू आणि जिथे जिथे तक्ता गेलाय तिथे चिकटवू. महिन्याभराचा तर प्रश्न आहे. तुम्हीच तिचा मजकूर करा. आणि हो, समितीची नावं तक्त्याच्या तळाशी मराठीत छापणार आहोत. ठाण्यातल्या डॉक्टरणीचं नाव पहिल्यांदाच असं छापून येईल."

असोसिएशनची एक जुनी रीत होती. तिथे कधी मतदान होत नसे. ठराव व्हायचा तो सर्वानुमते, आणि ज्याचं मत वेगळं असेल त्याने सर्वानुमतेच्या आत बसायचं. कुणी विरोध नोंदवला असं असोसिएशनच्या इतिहासात घडलं नव्हतं, आणि ह्याचा सगळ्यांना अभिमान होता. सुमतीच्या चार गुणांची बाकीच्यांच्या गुणांशी सरासरी काढली गेली. सरासरी ही मोठी मायाळू गोष्ट आहे, ती सगळ्यांना पदराखाली घेते. तक्ता 'उत्तम' ठरला. सुमतीने सही केली. महिन्याभराचा तर प्रश्न होता.

घरी आल्यावर मात्र तिला राहवेना. भिवाजी ओट्यावर जाळं घेऊन बसला होता.

"बाबा, इकडं बघ. कधी छातीत धडधड सुरू झाली, नि मी जवळ नसले, नि कुणी सुई द्यायला लागला, तर काय बोलायचं ते पाठ कर." आणि तिने शाळेतल्या पाढ्यासारखं ते त्याच्याकडून म्हणवून घेतलं. जुना झटका आहे. आधी कार्डिओग्रामची पट्टी काढा. ठोके रुंद असले तर व्हेरापामिलची सुई नको.

भिवाजीने वाऱ्यांची आणि भरती-ओहोटीची गणितं जन्मभर तोंडपाठ ठेवली होती, त्याला हे काय जड? दुसऱ्यांदाच त्याने धडाधडा म्हणून दाखवलं. मग जरा थांबून म्हणाला, "नामाला पन शिकवू काय? त्याचं नि माझं दुखनं येकच हाय."

सुमती अडखळली. नामाकाकाला सांगायचं म्हणजे कोळीवाड्याला सांगायचं. त्याच्या पोटात गोष्ट राहत नसे, आणि अर्ध्या कोळीवाड्याचे डॉक्टर केळशीकर सरच होते. सत्काराच्या तोंडावर बोभाटा नको. "थांब जरा," ती म्हणाली. "सगळ्यांनाच सांगायचंय. थोडे दिवस जाऊ दे."

आपला तो बाब्या, म्हणतात ते काही उगीच नाही.

सत्कार झोकात झाला. सरांचं भाषण ऐकताना लोकांचे डोळे पाणावले. चौथ्या ओळीला टाळ्या पडल्या, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सुमतीनेही त्या वाजवल्या. न वाजवून करणार काय? तक्ते गुंडाळी करून, लाल फीत बांधून वाटले गेले. कल्याण, डोंबिवली, दिव्यातल्या नव्या नव्या दवाखान्यांतसुद्धा गेले. तळाशी ठळक अक्षरांत होतं: तपासणी समितीने तपासून मान्य केलेली आवृत्ती. आणि खाली नावं.

मग महिना गेला. सुमतीने पट्टीचा मजकूर लिहून दिला होता. सुधीर म्हणाले, सर सत्काराच्या दगदगीने आजारी आहेत, आत्ता त्यांच्या कानावर घालणं बरं नव्हे. मग गणपती आले. मग छापखान्याचं मशीन बिघडलं. मग पट्ट्या छापून आल्या आणि सुधीरच्या कपाटात गठ्ठा बांधून पडल्या, कारण सरांना सांगितल्याशिवाय त्या लावता येत नव्हत्या आणि सरांना सांगायला कुणी तयार नव्हतं. तिने दोनदा फोन केले, एकदा जाऊन भांडली. "दिवाळी होऊ द्या, मॅडम," सुधीर म्हणाले. ती चरफडत परत आली आणि वॉर्डच्या कामाला लागली. माणसाला चरफडण्याचाही एक आधार असतो. आपण काहीतरी करतोय असं वाटत राहतं.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी नामा आणि भिवाजी डोंबिवलीला गेले. नामाची लेक मंजुळा तिथे दिलेली. तिचं पोर नुकतंच चालायला लागलं होतं, ते बघायचं होतं. नामाने नातवासाठी पिपाणी घेतली होती. सकाळी पोचले, पोराला अंगणभर चालवलं, जेवले. जेवून उठताना नामाच्या छातीत धडधड सुरू झाली, अंगाला घाम सुटला. समोरच दवाखाना होता. मंजुळा आणि भिवाजीने त्याला धरून नेलं. तो चालत गेला, हेही मंजुळाने नंतर पुन्हा पुन्हा सांगितलं.

सुमतीला ठाण्यात फोन आला. ती टॅक्सी करून शिळफाट्यावरून धावली, पण धावण्यासारखं काही उरलं नव्हतं. नामाकाका दवाखान्याच्या बाकड्यावर पांढऱ्या चादरीखाली होता. मंजुळा भिंतीला डोकं टेकून बसली होती, रडूनही थकली होती. पोर बाहेर कुणाच्या तरी कडेवर पिपाणी वाजवत होतं.

दवाखान्याचा डॉक्टर रघुनाथ, नवाच एम.बी.बी.एस., मिशी नीट फुटलेली नाही असा. तिला बघितल्याबरोबर तो उभा राहिला. "मॅडम, मी तक्त्याप्रमाणेच दिलं. सावकाश दिलं. पाच मिलिग्रॅम. एकदम बीपी गेलं, मॅडम. मी खूप पंप केलं."

तक्ता लावलेल्या भिंतीकडे तिने पाहिलं नाही. तिला पाहावं लागलं नाही. नजर कपाटाकडे गेली, तिथे कार्डिओग्रामचं मशीन होतं, कव्हर घातलेलं. पट्टी काढायला पाच मिनिटं लागली असती. ओळीत तसं लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्याने काढली नव्हती.

भिवाजी बाहेर पायरीवर बसला होता, गुडघ्यांत हात घालून. सुमती बापाच्या अंगावर गेली.

"तू इथंच होतास ना, बाबा? तुला पाठ करून दिलं होतं ना मी? मग का नाही बोललास? एवढी तीन वाक्यं बोलायला काय झालं होतं तुला?"

भिवाजीने वर पाहिलं. काहीतरी बोलण्यासाठी त्याचं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. घाबरला असेल, विसरला असेल, सुमतीने मनाशी धरलं. जन्माचा जोडीदार डोळ्यांपुढे जात असताना कुणाला काय आठवणार? त्याच्यावर ओरडल्याची तिला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्या लाजेच्या आड थोडं हायसंही वाटलं. चुकीतला थोडा वाटा आता दुसऱ्या कुणाचा तरी होता.

नामाला कोळीवाड्यात आणलं, दहन झालं. दुसऱ्या दिवशी सुमती सुधीरकडे गेली नाही, कुणाची परवानगी मागितली नाही. तडक नौपाड्यात सरांकडे गेली आणि त्या जुन्या झेरॉक्स त्यांच्यापुढे ठेवल्या. वड्याच्या तेलाचा डाग अजून होता. सरांनी चष्मा लावून सगळं वाचलं. पुन्हा वाचलं. मग नामाची हकीकत ऐकली. धाकूचीही ऐकली.

"हे तुला कधी समजलं?" त्यांनी विचारलं.

"सत्काराच्या आधी."

"म्हणजे मी बाल्कनीत भाषण पाठ करत होतो, त्या दिवशी तू..."

"हेच सांगायला आले होते, सर."

सरांनी चष्मा काढून झेरॉक्सवर ठेवला. सरस्वतीबाई दारात येऊन परत गेल्या. "मी तुला कठोरपणे तपास म्हटलं होतं," शेवटी सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच सुमतीला सोसवेना. "मला वाईट वाटेल म्हणून तुम्ही सगळ्यांनी मिळून... अगं, वाटलं असतं वाईट. दोन दिवस वाटलं असतं. म्हातारा आहे, मेलो नसतो."

त्यांनी सुधीरला फोन करून पट्ट्यांचा गठ्ठा मागवून घेतला. जे काम असोसिएशनला कित्येक महिने जमलं नाही, ते त्या पंचाहत्तर वर्षांच्या माणसाने आठवड्यात उरकलं. रिक्षा करायचे, दवाखान्यात शिरायचे, खुर्चीवर बसायचे, डिंक मागायचे आणि आपल्याच ओळीवर आपल्या हाताने पट्टी चिकटवायचे. डॉक्टर लोक धावत यायचे, सर, तुम्ही कशाला, आम्ही लावतो. ते कुणाला लावू द्यायचे नाहीत. कल्याणच्या एका जिन्यात त्यांना चक्कर आली, तर पायरीवर बसून पाणी प्याले आणि पुढे निघाले. त्यांच्या लेखी आता बाकीचं आयुष्य तेवढ्याच कामासाठी होतं.

डोंबिवलीच्या त्या दवाखान्यातही पट्टी लागली, त्या संध्याकाळी सुमती घरी आली. भिवाजी ओट्यावर होता. होडी वर ओढून ठेवली होती ती ठेवलीच होती. दोघांची होडी एकट्याने निघत नाही, आणि दुसरा जोडीदार त्याने बघितलाही नव्हता. त्या दिवसापासून तो मोजकंच बोलत असे.

"बाबा, झालं," सुमती म्हणाली. "सगळीकडची ओळ दुरुस्त झाली. आता असं कुणाचं होणार नाही." ती त्याच्याशेजारी बसली. "त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडले. ओरडायला नको होतं. विसरतो माणूस अशा वेळी."

भिवाजी खाडीकडे बघत राहिला. ओहोटी लागली होती, आणि उघड्या पडलेल्या चिखलाला कारखान्यांच्या पाण्याचा वास येत होता.

"मी इसरलो नव्हतो गो," तो म्हणाला.

सुमतीने त्याच्याकडे पाहिलं.

"तुना वाईट वाटल म्हनून बोल्लो नव्हतो," भिवाजी म्हणाला. "मी सगला बोल्लो त्याला. जुना झटका हाय बोल्लो, पट्टी काढ बोल्लो, ती सुई नको बोल्लो. येक शबुद चुकलो नाय. तो पोऱ्या थांबला गो. सुई हातात घेऊन थांबला. मना इचारलान, कोन बोल्लं तुमाला ह्या? मी बोल्लो, माझी पोर बोल्ली. ठान्याची डाक्टरीन हाय, सुमती नाखवा. तवा तो हसला. बोल्ला, बाबा, मंग काय घाबरू नका, हा तक्ता त्यांनीच तपासून दिलाय. मना दंडाला धरून भिंतीशी नेलान नि बोट ठेवलान."

जाळ्याचं टोक त्याच्या बोटांत होतं. ते त्याने एकदा पिळलं आणि सोडून दिलं.

"मी वाचला. तुझा नाव व्हता, छापलेला. नामा मना बघत व्हता, मी काय सांगतंय म्हनून. मी तुझा नाव वाचला, नि बाजूला झालो."